बायकोच्या गुडघ्याचा कोन

रिटायर झालेल्या माणसाला शहाणपण शिकवायला जो तो उठतो. छत्तीस वर्षं बेंगळुरातल्या बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मी तयार माल तपासायचं काम केलं. मशीनवरून पार्ट निघाला की माझ्या टेबलावर यायचा, आणि मी हो म्हटलं तरच पुढे जायचा. नाही म्हटलं की त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका. मग तो कुणी बनवला, शिफ्ट कुणाची, साहेब किती घाईत आहे, याच्याशी मला काही देणंघेणं नसायचं. लोक माझ्या पाठीमागे मला काय काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं, आणि त्याचं मला बरंच वाटायचं. तर अशा माणसाला आमच्या बिल्डिंगमधला बँकेतून रिटायर झालेला एक टकल्या सकाळी लिफ्टमध्ये गाठून सांगतो, "सर, स्वतःला कशात तरी गुंतवून ठेवा. नाहीतर लवकर जाल."

जाईन तर जाईन. तुझ्या खांद्यावर तर येत नाही ना?

खाली बागेत सकाळी सगळे गोल उभे राहून हात वर करून खोटं खोटं हसतात. एकदा गेलो होतो. शेजारचा माझ्याकडे बघून हसायला लागला तेव्हा मी त्याला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही, हसायचंच असतं. मी घरी आलो. रविवारी मुलाचा फोन यायचा. तो परदेशात. हेब्बाळचा हा आठव्या मजल्यावरचा फ्लॅट त्यानेच घेतला, ऑफिस जवळ म्हणून. आम्हाला शिवाजीनगरच्या जुन्या घरातून उचलून इथे आणलं, आणि वर्षाच्या आत कंपनीने त्यालाच उचलून तिकडे नेलं. तर तो तिकडून मला सांगायचा, "अप्पा, काहीतरी छंद लावून घ्या ना." लावून घ्या! छंद म्हणजे काय मलम आहे?

घरात खरी गुंतलेली होती ती माझी बायको. बायकांना बस फुकट झाली आणि हिला पंख फुटले. आठवड्यातले तीन दिवस, सकाळी साडेनऊला पोळीभाजी झाकून ठेवायची आणि बस पकडून थेट शिवाजीनगर. तिथे तिच्या चुलत बहिणीचं, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो, ब्लाउज शिवायचं दुकान आहे. एवढंसं, तीन मशिनी आणि एक आरसा. तिथे बसून ही साड्यांना फॉल लावायची, हुकं लावायची, काजं करायची, आणि बाजारातल्या निम्म्या बायकांच्या भानगडी ऐकून यायची. संध्याकाळी परत येताना पिशवीत अवरेकाळच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगा, तोंडावर उजेड. मी रिटायर झालो आणि ही नोकरीला लागली, असं मी तिला टोमण्यात म्हणायचो. ती म्हणायची, "मग तुम्हीही या. आरशासमोर बसा आणि गिऱ्हाइकांना रिजेक्ट करा."

चार वाजता मी थर्मासमधला चहा एकटा ओतून घ्यायचो. सकाळी करून ठेवलेला चहा चार वाजता कसा लागतो ते ज्याने प्यालाय त्यालाच माहीत.

मग तिचा उजवा गुडघा गेला. म्हणजे जात होताच, पण आता बसची पहिली पायरी चढताना ती हाताने मांडी उचलून पाय वर ठेवायला लागली. कंडक्टर ओरडायचे. डॉक्टर म्हणाले, बदलावा लागेल. बाकीच्या बायका विचारतात, किती दुखेल, किती दिवस पडून राहावं लागेल. हिने एकच विचारलं, "मला बसमध्ये चढता येईल का? बाकी काही नको मला." मी म्हटलं, ऑटोने जा की. तर म्हणाली, "रोज ऑटोवाल्याशी भांडायला मी तुमच्यासारखी रिकामी नाही."

डॉक्टर हसले. म्हणाले, ऑपरेशन माझं काम, वाकवणं तुमचं. दोन आठवड्यांत नव्वद अंश वाकला पाहिजे, सहा आठवड्यांत एकशे दहा. एकशे दहा वाकला की बसच काय, नंदीचा डोंगर चढा. पण त्या दिवसांत नाही वाकवला तर आतून धरतो, मग काही खरं नाही. त्यांनी ते कागदावर लिहून दिलं. मी घडी घालून खिशात ठेवला. आकडा दिला की मला समजतं. "हळूहळू बरं वाटेल" असलं बोलणं मला समजत नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी आल्यावर व्यायाम करून घ्यायला एक पोरगी यायला लागली, हॉस्पिटलनेच पाठवलेली फिजिओ. पाठीला पिशवी, त्यात टॉवेल, रबराचे पट्टे आणि दोन हातांची एक प्लॅस्टिकची पट्टी, गुडघा मोजायची. मला अंकल म्हणायची. तिचा आवाज गोड होता आणि हात लोखंडी. बायकोला पलंगाच्या कडेला बसवायची, पाय धरायची आणि मागे दाबायची. "इन्नू स्वल्प, आंटी, इन्नू स्वल्प." आणखी थोडं, आणखी थोडं. बायको ओरडायची. मी हॉलमध्ये बसून दात आवळायचो.

चौदाव्या दिवशी तिने पट्टी लावली आणि म्हणाली, "सत्तरच आहे, आंटी. फार कमी आहे. आतापर्यंत नव्वद हवं होतं." आणि मग तिने असा काही जोर लावला की बायको "अगं आई गं" म्हणून किंचाळली, नंतर "साकु, साकु", पुरे, पुरे, म्हणत रडायलाच लागली. ती पोरगी तरी दाबतेच आहे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आत गेलो आणि तिला म्हटलं, ऊठ. तिला वाटलं पाणी आणायला सांगतोय. मी म्हटलं, ऊठ, पिशवी भर, आणि उद्यापासून येऊ नकोस. माणसाचा पाय आहे, पाना लावून फिरवायचा बोल्ट नाही.

ती घाबरली नाही. टॉवेलची घडी घालत म्हणाली, "अंकल, आत्ता सोडलं तर गुडघा धरेल."

"मला शिकवू नकोस. तुझं वय किती, माझा अनुभव किती!"

गुडघ्याचा कसला अनुभव होता मला? पण उचलली जीभ लावली टाळ्याला. ती गेली.

बायको डोळे पुसत होती. म्हणाली, "तिला का घालवलंत?"

"तू ओरडत होतीस."

"मग? बाळंतपणातही ओरडले होते. तेव्हा काय डॉक्टरला घालवलं होतंत?"

मी म्हटलं, मी करून घेतो तुझा व्यायाम. आहे काय त्यात? चार प्रकार तर आहेत. आणि मोजायचं म्हणशील तर मोजण्यात माझा हात धरणारा या बेंगळुरात कोण आहे? आपला हात जगन्नाथ. मी कपाटातून माझा बेव्हल काढला. म्हणजे कोन मोजायचं स्टीलचं यंत्र, दोन पात्यांचं, मधे तबकडी. मशीनवरच्या पार्टचा तिरपेपणा याच्यावर तपासायचा. हा माझा स्वतःचा, लाकडी पेटीतला, तेल लावून ठेवलेला. त्याच्यापुढे ती प्लॅस्टिकची पट्टी म्हणजे शाळेतल्या कंपासपेटीतलं खेळणं.

एक पातं मांडीला लावलं, दुसरं नडगीला. तबकडी बघितली. एकशे दहा.

मी पुन्हा लावला. एकशे दहा. मला इतका आनंद झाला आणि त्या पोरीचा इतका राग आला की काय सांगू! सत्तर म्हणे! चाळीस अंशांची चूक! माझ्या टेबलावर कुणी असं माप लिहून दिलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढलं असतं. बायकोला म्हटलं, "बघ. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी मागितलेत, तुझे आजच आहेत. उगाच जिवाला त्रास देत होती ती."

"खरंच?" ती म्हणाली. "मला तर अजून घट्टच वाटतो."

"सूज आहे. आता फक्त टिकवायचा."

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. फ्रिजवर तक्ता चिकटवला. तारीख, वेळ, माप, शेरा आणि शेवटच्या रकान्यात माझी सही. सहा, दहा, दोन आणि सहा, अशा चार वेळा. कारखान्याच्या भोंग्यासारखा मी तिच्या खोलीच्या दारात उभा राहायचो. टाच चादरीवरून मागे ओढायची, खुर्चीवर बसून पाय मागे घ्यायचा, दुखायला लागलं की थांबायचं. एकशे दहा. एकशे अकरा. एकशे दहा. एकशे नऊ. एक अंश इकडे, एक अंश तिकडे. असा माल मी डोळे मिटून पास केला असता.

खोटं कशाला बोलू, रिटायर झाल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. साडेपाचला आपोआप जाग यायची. रोज दाढी करायचो. दुपारी भाजी निवडायचो, चार वाजता ताजा चहा करायचो, आलं घालून, आणि दोघं टेबलाशी बसून प्यायचो. लिफ्टमध्ये तो टकल्या भेटला तर मी घड्याळ बघून म्हणायचो, वेळ नाही हो, दोनचं माप घ्यायचंय. मुलगा फोनवर म्हणाला, "अप्पा, तुमचा आवाज किती फ्रेश वाटतोय!" अक्काचे फोन यायचे, लग्नसराईच्या साड्या पडल्यात, कधी येतेस. बायको माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, घाई नको. ती सांगायची, पुढच्या महिन्यात येईन गं.

एक दिवस, चौथा आठवडा असेल, ती सकाळी खुर्चीवर बसली आणि मी सांगायच्या आधीच तिने दात-ओठ खाऊन पाय मागे घेतला. घेतला आणि धरून ठेवला. घाम फुटला होता तिला. म्हणाली, "आज जास्त वाकला. आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. मोजा, मोजा लवकर."

मोजला. एकशे चार.

"सहा अंश कमी झाला," मी म्हटलं. "झालं समाधान? सांगितलं होतं जोर करू नकोस म्हणून. काहीतरी बिघडवून ठेवलंस."

"कमी कसा होईल? अहो, मला माझा पाय कळत नाही का?"

"माप खोटं बोलत नाही."

"तुमचं यंत्र चुलीत घाला!" ती रडकुंडीला येऊन ओरडली. मीही ओरडलो. तिला दोन दिवस पूर्ण विश्रांती दिली, बर्फ लावला, खुर्चीवरचा व्यायाम बंद. तिसऱ्या दिवशी मोजला, एकशे दहा. मी तक्त्यावर लिहिलं, "सुधारणा." सही केली. त्यानंतर ती कधी जोर करायला गेली नाही. मी सांगेन तेवढं करायची आणि खिडकीतून खाली बसच्या रस्त्याकडे बघायची.

सहा आठवडे झाले तेव्हा तक्ता काढून, नीट गुंडाळी करून मी हॉस्पिटलला घेऊन गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. डॉक्टरांच्या टेबलावर तक्ता पसरला आणि म्हटलं, "एकशे दहा. चार आठवडे. विश्रांतीचे दोन दिवस सोडले तर एकही चुकला नाही."

डॉक्टरांनी तक्ता बघितला आणि खुश झाले. मग बायकोला पलंगावर झोपवून त्यांनी पाय हातात घेतला. त्यांचा चेहरा बदलला. पुन्हा वाकवून पाहिला. बायको कळवळली. त्यांनी ड्रॉवरमधून तसलीच प्लॅस्टिकची पट्टी काढली, लावली, आणि पुन्हा एकदा लावून पाहिली.

"हे सत्तर आहे," ते म्हणाले. "तुम्ही एकशे दहा कुठून मोजलेत?"

मी बेव्हल बरोबर नेला होता. दाखवला, कसा लावतो ते करून दाखवलं. मांडीला एक पातं, नडगीला एक, मधला कोन एकशे दहा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा शिवी परवडली असती. मग एका कागदावर सरळ रेघ काढली. म्हणाले, हा सरळ पाय. याला आम्ही शून्य म्हणतो. इथून पाय जितका मागे गेला तितके अंश वाकला. तुम्ही उरलेला कोन मोजलात. तुमचे आकडे कमी व्हायला हवे होते. जितके कमी, तितका गुडघा जास्त वाकलेला.

सत्तर आणि एकशे दहा. बेरीज एकशे ऐंशी. सातवीतलं पोर सांगेल. ती पोरगी सत्तर म्हणाली तेव्हा, माझा बेव्हल एकशे दहा म्हणाला तेव्हा, दोघंही खरं बोलत होते. छत्तीस वर्षं कोन मोजणाऱ्या माणसाला एवढी बेरीज करता आली नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे रिकामा बैल नव्हता, बायकोचा पाय होता.

बायकोने तक्त्याकडे बोट केलं. "म्हणजे तो एकशे चारचा दिवस..."

"त्या दिवशी तुम्ही जास्त वाकवला होता, आंटी," डॉक्टर म्हणाले. "ते चांगलं झालं होतं. तेच करत राहायला हवं होतं."

आता गुडघा आतून धरला होता. भूल देऊन, ती झोपेत असताना, जोराने वाकवून तो सोडवावा लागणार होता. आतले चिकटलेले धागे तुटतात. पूर्ण मिळेल याची खात्री नाही, असंही त्यांनी सांगितलं. बसचं काय, असं तिने विचारलं. ते म्हणाले, बघू.

घरी आल्यावर ती पलंगावर बसली, पाय लांब केला. मी पाणी दिलं. तिने घेतलं नाही.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्ही सांगायचात, पार्ट हातात घेतला की यंत्र लावायच्या आधी डोळ्याला कळतं वाकडा आहे का सरळ. कितीदा ऐकलंय मी ते, पाहुण्यांसमोर, लग्नांत. मग माझा पाय तुम्हाला दिसला नाही?"

"नाही दिसला," मी म्हटलं.

"डावा शेजारीच होता. तो खुर्चीखाली जातो, हा जात नाही. ते नाही दिसलं?"

"नाही म्हटलं ना!"

मुलाचा फोन आला. त्याला तिने सगळं सांगितलं असावं. "अप्पा, फिजिओला घालवायची काय गरज होती? प्रत्येक गोष्टीत तुमचंच..." मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. तिकडे बसून अक्कल शिकवू नकोस म्हटलं आणि फोन आपटला. मग बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. खाली तळं, उड्डाणपूल, गाड्यांची रांग. मला सगळ्यांचा राग येत होता. डॉक्टरचा, शून्य कुठून धरायचं ते कागदावर न लिहिल्याबद्दल. त्या पोरीचा. अक्काचा, फोन केल्याबद्दल. बायकोचा सुद्धा.

पुढच्या आठवड्यात ते झालं. ती शुद्धीवर आली तेव्हा नुसतं पाणी वाहत होतं डोळ्यांतून. दुसऱ्या दिवसापासून तीच पोरगी घरी यायला लागली. मी दार उघडलं. ती टोमणा मारेल म्हणून मी तयारीत होतो, मारला असता तर मी दोन ऐकवले असते आणि मला बरं वाटलं असतं. ती नुसतं "नमस्कार, अंकल" म्हणाली आणि आत गेली. मी मागोमाग गेलो तर बायको म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा." आणि पोरीला म्हणाली, "दार लाव गं."

महिनाभर ते दार रोज दोनदा बंद व्हायचं. आतून किंकाळी यायची, मग ती पोरगी थांबायची, आणि मग बायकोचाच आवाज यायचा, रडता रडता, "इन्नू स्वल्प." पोरगी नाही, बायको म्हणायची. मी हॉलमध्ये तक्ता नसलेल्या फ्रिजकडे बघत बसायचो. चार वाजता चहा करून दाराशी ठेवायचो. ती प्यायची. पण माझ्याशी बोलणं म्हणजे मीठ द्या, पंखा लावा, बास. बेव्हल कुठे ठेवला ते मी तिला सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

शेवटी चौऱ्याण्णवला अडला. पोरीने सगळं करून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, आता हाच तुमचा गुडघा. वेळेवर झालं असतं तर आणखी मिळाला असता. बसची पायरी चढता येईल, पण दांडी धरून, आणि प्रत्येक वेळी दुखेल.

"सरी, चालेल," ती म्हणाली. "दुखू दे."

गुरुवारी सकाळी साडेनऊला तिने पोळीभाजी झाकली, पिशवी घेतली आणि निघाली. मी म्हटलं, स्टॉपपर्यंत येतो. आम्ही चाललो. ती पुढे, काठी टेकत, मी दोन पावलं मागे. स्टॉपवर कॉलेजच्या दोन मुली होत्या, कानात वायरी घातलेल्या. ऊन झालं होतं.

आता जे लिहायचंय ते मी मघाशी लिहिलं नाही, कारण माझी लिहायची छाती झाली नाही. एकशे चारच्या त्या दिवशी मला दिसलं होतं. तिची टाच रोज फरशीच्या सांध्यावर यायची, त्या दिवशी ती चार बोटं मागे होती. मी गुडघ्यावर बसून पातं लावत होतो, टाच माझ्या नाकासमोर होती. पाय जास्त वाकला होता, हे मला यंत्र लावायच्या आधी कळलं होतं. मग आकडा कमी आला, आणि डोक्यात काहीतरी सरकलं, की काहीतरी उलटं आहे. बेरीज अर्धी झाली होती माझी. ती मी पुरी केली नाही. कमी झाला, असं म्हणून टाकलं. ते बोलताना घरात ताज्या पोह्यांचा वास होता, दोन बशा काढून ठेवल्या होत्या मी. हे सगळं पुन्हा बंद होणार, हे माझ्या डोक्यात आलं होतं का? आलं होतं. स्पष्ट आलं होतं.

मी तिला म्हटलं, "मला दिसलं होतं."

"काय?"

"टाच. एकशे चार आले त्या दिवशी. मागे गेली होती. मला दिसली होती."

ती वळली. पुलाखालून बस येताना दिसत होती.

"मग बोलला का नाहीत?"

"तू गेली असतीस," मी म्हटलं. "रोजच्यासारखी."

तिने माझ्याकडे इतका वेळ बघितलं की त्या मुलींनीही माना वळवल्या. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर मीही काहीतरी बोललो असतो, आमचं तसंच चालत आलंय. पण तिचा आवाज अगदी खाली होता.

"हा दीड महिना मी मनाला समजावतेय," ती म्हणाली, "की माणूस मूर्ख आहे. मुद्दाम नाही केलं त्याने. तेवढ्यावर मी तुमच्याबरोबर त्या घरात राहत होते."

बस येऊन थांबली. त्या मुली चढल्या. कंडक्टर दारातून म्हणाला, "अम्मा, बेगा हत्ती." लवकर चढा. मी जवळ जाऊन हात पुढे धरला, तिला आधार म्हणून. तिने काठी पिशवीच्या हाताला अडकवली, माझ्या हाताच्या वरून दांडी पकडली, डावा पाय पायरीवर ठेवला, आणि मग तो चौऱ्याण्णव अंशांचा गुडघा ओढून वर घेतला. तिचा चेहरा वेडावाकडा झाला होता. "इन्नू स्वल्प," ती स्वतःलाच म्हणाली, आणि चढली.